वाटप, वाटणी की वितरण?

प्रश्न : आमच्या सहकारी संस्थेकडे येणारी इंग्रजी परिपत्रके मी मराठीत उतरवतो. त्यांत ‘डिस्ट्रिब्यूशन’ हा शब्द वारंवार येतो आणि मी दर वेळी ‘वितरण’ असे लिहितो. परवा ‘वडिलोपार्जित मालमत्तेचे वितरण’ असे लिहिले, तेव्हा अध्यक्षांनी ते वाक्य परत पाठवले. चूक जाणवली, पण कारण उमगले नाही. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अध्यक्षांचा कान बरोबर आहे. लॅटिनमधून आलेल्या या इंग्रजी शब्दात ‘वेगवेगळे करून नेमून देणे’ एवढाच अर्थ आहे. देणारा कोण आणि घेणाऱ्याचा त्या वस्तूवर आधीपासून हक्क आहे का, हे तो विचारत नाही. मराठीत मात्र ते ठरवल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.

जी वस्तू मुळात सर्वांच्या मालकीची असते, तिची वाटणी होते. भावाभावांत शेताची वाटणी होते आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीमुळे मुलगीही मुलाइतक्याच हक्काने वाटणी मागू शकते. वाटप म्हटले की देणारा एक आणि घेणारे अनेक, असे चित्र उभे राहते : कर्जवाटप, वह्यावाटप, खाऊवाटप. महसूल खात्यात शेतजमिनीच्या वाटणीलाही ‘वाटप’ म्हणतात, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली ते काम सरकारी अधिकाऱ्याच्या हातून होते.

म्हणूनच ‘रेशनच्या धान्याचे वाटप’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिलेला आहे, आणि ‘वाटप’ या शब्दामुळे त्या हक्काला दानाचा रंग चढतो. ‘सार्वजनिक वितरण व्यवस्था’ हे अधिकृत नाव त्या मानाने निर्दोष आहे.

वितरण शब्दात व्यक्तीपेक्षा यंत्रणा दिसते. विजेचे वितरण होते, म्हणून ‘महावितरण’. कारखान्यातून चादरी उचलून दुकानोदुकानी पोहोचवणारा तो वितरक. जेथे देणारा कोणीच नसतो, तेथेही हाच शब्द चालतो. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथील रब्बी ज्वारीच्या दृष्टीने वर्षभराच्या पावसाच्या आकड्याइतकेच त्या पावसाचे वितरणही महत्त्वाचे असते. तेथे ‘पावसाची वाटणी’ म्हणता येणार नाही.

हे सर्व शब्द आपल्या जिल्ह्यात पाण्यापाशी एकत्र येतात. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातील पाण्याचे वाटप केले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. येथे देण्याची क्रिया ते वाटप आणि हाती आले तो वाटा. त्याच खोऱ्यातील भीमेवर उजनी धरण आहे. त्याचे पाणी कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत येते आणि पुढे शेतकऱ्यांना पाळीपाळीने मिळते. ‘माझी पाळी चुकली’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याला आपला वाटाच वेळेवर न मिळाल्याचे सांगायचे असते. इंग्रजीतून भाषांतर करताना हा ‘पाळी’ शब्द सुचत नाही, पण बांधावर तोच चालतो.

प्रश्नपत्रिकेतील गुणांची विभागणी असते. एखाद्या पूर्ण गोष्टीचे गट पाडायचे असतील, तेथे ‘विभागणी’ योग्य.

सोलापुरात तर शेजारच्या घरांतही या अर्थाचे शब्द कानावर पडतात : कन्नडमध्ये ‘हंचिके’, तेलुगूमध्ये ‘पंपिणी’. ‘वाटा’ या अर्थाचा ‘पालु’ तर दोन्ही भाषांत आहे.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. जेथे साधे क्रियापद पुरते, तेथे नाम वापरूच नये. पेढे वाटले, पत्ते वाटले, पंगतीत वाढले. ‘पेढ्यांचे वितरण करण्यात आले’ या वाक्यातून पेढ्याची चव निघून जाते. पारितोषिकांचे मात्र वितरणच करावे. ‘पारितोषिक वाटप’ म्हटल्याने विजेत्याने कमावलेल्या मानाला उणेपणा येतो.

प्रश्न : मग गणितात ‘वितरण गुणधर्म’ का म्हणतात? ‘वाटणी’ का नाही? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : ५ × (३ + ४) हे उदाहरण घ्या. कंसाबाहेरचा ५ आतल्या दोन्ही संख्यांकडे जातो आणि ५ × ३ + ५ × ४, म्हणजे ३५, असे उत्तर येते. वाटणीत प्रत्येकाच्या हाती मूळ वस्तूचा तुकडा येतो, म्हणजे ५ ची वाटणी झाली असती तर ३ ला आणि ४ ला त्याचा थोडाथोडा भाग मिळाला असता. येथे दोघांनाही पूर्ण ५ मिळतात, म्हणून ‘वितरण’.