जपानी कुटुंबात राहायला जाताय?

पहिल्यांदाच जपानी घरात राहणार असाल, तर खाण्याचं निघण्याआधीच बोलून घ्या. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. रोजच्या मिसो सूपमधलं (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) दाशी, म्हणजे सूपचं मूळ उकळलेलं पाणी, बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं, आणि वाटीत मासा दिसत नसल्यामुळे यजमानांच्याही ते लक्षात येत नाही. माशाचं दाशी चालणार नाही, कोंबू या समुद्री शेवाळाचं चालेल, इतकं स्पष्ट कळवा. म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या माउलीची ऐनवेळी पंचाईत होणार नाही.

माझ्या मते नवखा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो अंघोळीला. टबमध्ये साबण लावायचा नाही. बाहेरच्या छोट्या स्टुलावर बसून अंग घासायचं, फेस पूर्ण धुवायचा आणि मगच गरम पाण्यात उतरायचं. त्याच पाण्यात नंतर घरातले बाकीचे बसणार असतात, म्हणून निघताना बूच काढू नका. टबवर झाकण ओढून ठेवा. पाहुण्याला बऱ्याचदा पहिला मान देतात, तेव्हा बोलावलं की रेंगाळू नका.

चपला दारात काढायच्या, हे आपल्याला शिकवायला नको. पण तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, घरातल्या सपाताही नकोत, आणि संडासातल्या वेगळ्या सपाता तिथेच सोडायच्या.

भेट म्हणून चिक्की किंवा बाकरवडी न्या. आंबे मात्र बॅगेत टाकू नका. तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं जपानमध्ये नेता येत नाहीत. आणि रात्री जेवायला नसाल तर सकाळीच सांगा.