वेबकॉमिक सुरू करताय? आधी एवढं बघा

चित्रकला कच्ची आहे म्हणून थांबू नका. तीन-चार चौकटी, दोन पात्रं, एक विनोद. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

सिनेमा-मालिकांचे संदर्भ वापरताना मात्र सांभाळा, नवे लोक हमखास इथेच घसरतात. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तले धनंजय माने नुसते दारात उभे केले की ओळख पटते, हसू येतंच असं नाही. तेच माने आज ऑनलाइन भाडेकरार आणि पोलीस पडताळणीच्या फॉर्मशी झगडताना दाखवा. सिनेमा न पाहिलेल्यालाही भाडेकरूची तारांबळ कळेल, पाहिलेल्याला दुप्पट मजा.

संवादाचे फुगे छोटे ठेवा, मोबाईलवर बारीक अक्षर वाचवत नाही. शेवटच्या चौकटीत विनोद समजावून तर मुळीच सांगू नका. रंगकाम, वेबसाइट, टी-शर्ट नंतर बघू. आधी पहिली दहा कॉमिक्स काढा आणि बिनधास्त टाका.