उःशाप म्हणजे क्षमा नव्हे

‘डार्क शॅडोज’ ही भयप्रधान अमेरिकी दैनंदिन मालिका पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, तिच्यातील बार्नबास कॉलिन्स आणि अँजेलिक या दोघांचे अखेरीस जे होते त्याला मराठीत काय म्हणावे : उद्धार, प्रायश्चित्त, पापक्षालन की उःशाप? प्रश्न चांगला आहे, कारण या चार शब्दांची आज सर्रास अदलाबदल होते. विशेषतः उःशापाची जी दुर्दशा झाली आहे ती पाहून वाईट वाटते. ‘मोबाइल : शाप की उःशाप?’ अशा मथळ्यात तो वरदानाच्या जागी बसवला जातो, तर कोणी कोणाला क्षमा केली तरी ‘उःशाप दिला’ असे लिहिले जाते. या दोन्ही ठिकाणी तो शब्द साफ चुकीचा आहे.

उद्धार आणि पापक्षालन यांचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. ‘आईबापांचा उद्धार केला’ या बोलीतल्या प्रयोगाची छाया मात्र पहिल्या शब्दावर पडते, एवढे ध्यानात ठेवावे. खरा रस आहे तो उःशापात. त्यातील उपसर्ग ‘उत्’, म्हणजे वर किंवा बाहेर, आणि तोच उद्धारातही आहे. शापातून वर काढणे तो उःशाप. परंतु संस्कृत संधिनियमांनुसार उत् आणि शिष्ट यांचे उच्छिष्ट होते, उत् आणि श्वास यांचा उच्छ्वास होतो, तसा येथे उच्छाप व्हायला हवा होता. निःशंक आणि दुःशासन यांत विसर्ग येतो तो निस् आणि दुस् यांतील सकारामुळे, आणि ‘उत्’मध्ये सकार नाही. मग विसर्ग आला कोठून? माझे मत असे की, तो कानांनी आणला. मराठी माणूस दुःख हा शब्द ‘दुख्ख’ आणि निःशंक हा शब्द ‘निश्शंक’ असा उच्चारतो, म्हणजे विसर्गाचे त्याच्या तोंडी पुढच्या व्यंजनाचे द्वित्व होते. उच्छापाचा ‘उश्शाप’ झाल्यावर लिहिणाऱ्याने हीच वाट उलट चालून द्वित्वाच्या जागी विसर्ग मांडला असावा. पोथीपेक्षा पुराणिकांच्या आणि हरदासांच्या वाणीतून घडलेला हा शब्द आहे, असे मी मानतो. म्हणूनच ‘उच्छाप’ हेच शुद्ध रूप लिहा असा आग्रह धरणारे व्याकरणाचे पहारेकरी मला मुळीच पटत नाहीत. त्यांना नियम दिसतो, पण तो नियम ज्या जिभेवरून घरंगळत आला ती जीभ दिसत नाही. विसर्ग गाळून ‘उशाप’ लिहिणाऱ्यांना मात्र कसलाच आधार नाही.

या शब्दाच्या अर्थाला एक अट आहे : ज्याने शाप दिला त्यानेच उःशाप द्यायचा. गौतमाने अहल्येला शाप दिला आणि तिच्या सुटकेची वेळही त्यानेच सांगितली. मेघदूतातील यक्ष ‘शापान्त’ म्हणतो, कारण त्याचा शाप वर्षाची मुदत भरल्यावर आपोआप सरणार असतो. मुदत संपली तर शापान्त, शाप देणाऱ्याच्या शब्दाने सुटका झाली तर उःशाप.

आता ती मालिका पाहू. 27 जून 1966 ते 2 एप्रिल 1971 या काळात तिचे 1225 भाग झाले. तिची कथा वेगवेगळ्या काळांत मागेपुढे जाते आणि तीच पात्रे त्या काळांत पुन्हा भेटतात. 1795 सालच्या कथानकात अँजेलिक ही मार्टिनिकहून आलेली दासी बार्नबासला रक्तपिपासू होण्याचा शाप देते आणि 1840 सालच्या कथानकात तीच तो काढून घेते. मराठीत याला उःशापच म्हणावे लागेल. ज्याच्यावर सूड उगवला त्याला तिने स्वतःच्या हाताने मोकळे केले, म्हणून या दोघांत मी अँजेलिकला बार्नबासच्या वर ठेवतो.

बार्नबासला उःशाप मिळाला, परंतु त्याने प्रायश्चित्त घेतले असे म्हणता येणार नाही. मनुस्मृतीच्या 11व्या अध्यायात पापापासून सुटण्याचे उपाय सांगताना पहिले नाव येते ते ख्यापनाचे, म्हणजे आपले पाप स्वमुखाने सांगण्याचे. अनुताप त्याच्या नंतर येतो. मालिकेच्या वर्तमानकाळात बार्नबास मॅगी इव्हान्स या तरुणीला तळघरात कोंडून तिची जोसेट, म्हणजे आपली गमावलेली प्रेयसी, करू पाहतो. त्या अपराधाचा आळ त्याचा नोकर विली लूमिस याच्यावर येतो आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. मॅगीची आठवण डॉक्टर ज्युलिया हॉफमन संमोहनाने पुसून टाकते. पुढे हाच बार्नबास कॉलिन्स घराण्यासाठी वारंवार जीव धोक्यात घालतो आणि प्रेक्षक त्याच्यावर प्रेम करू लागतात, पण तो मॅगीपुढे उभा राहून ‘ते मी केले’ असे म्हणत नाही. त्याला पश्चात्ताप आहे, हे मी मान्य करतो. तथापि ‘पश्चात्ताप हेच प्रायश्चित्त’ हे सुभाषितासारखे फेकले जाणारे वाक्य मला कधीच मान्य झालेले नाही. 1795 सालच्या कथानकात त्याने पाद्री ट्रास्कला भिंतीत चिणून मारले होते. 1840 मध्ये त्याच ट्रास्कच्या मुलाच्या, लामारच्या, गोळीने अँजेलिकचा बळी जातो, आणि आपले तिच्यावर प्रेम आहे हे बार्नबासला उमगते तेव्हा फार उशीर झालेला असतो. शाप उतरला तरी पाप उतरले नव्हते, हे त्या प्रसंगाइतके स्पष्ट त्या मालिकेत दुसरीकडे कोठे दिसत नाही.

हीच कसोटी मालिकेतील मॅग्डा या जिप्सी स्त्रीला लावून पाहावी. 1897 सालच्या कथानकात ती कॉलिन्स घराण्यातल्या क्वेंटिनला लांडगा होण्याचा शाप देते, कारण त्याने तिच्या बहिणीला, म्हणजे आपल्याच बायकोला, ठार मारलेले असते. तो शाप बहिणीच्या मुलांनाही लागणार हे कळल्यावर ती तळमळते, पण तिला तो मागे घेता येत नाही. तिच्याजवळ पश्चात्ताप आहे, उःशाप देण्याची शक्ती नाही. क्वेंटिनचा शाप पुढे चार्ल्स टेटने काढलेले त्याचे चित्र स्वतःवर घेते, आणि चित्राने शाप दिलेला नसल्यामुळे तेथे उःशाप लिहू नये; ‘शाप चित्रावर गेला’ असे सरळ लिहावे.