ठेवलेली की दिलेली?

प्रश्न : मी सांगलीत गावभागात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. जून 2021 मध्ये माझा पुतण्या नोकरीसाठी जर्मनीला गेला, तेव्हा त्याची दीड वर्षाची कुत्री चिमी माझ्याकडे सोडून गेला. पामेरियन आणि गावठीचा क्रॉस, मांडीवर मावेल एवढी. "काकू, हिला सांभाळ" एवढंच म्हणाला. पुढच्याच महिन्यात पूर आला, तिला पिशवीत घालून आम्ही बाहेर पडलो. नंतर तिला तीन पिल्लं झाली. दोन ओळखीत दिली, एक आमच्याकडेच आहे. फोटो पाठवले तर पुतण्याने लिहिलं, "ती आता तुझ्याच घरची झाली गं काकू." पुढे गर्भाशयात पू झाला, ऑपरेशनला चौदा हजार गेले. त्याने कधी पैसे विचारले नाहीत, पाठवले नाहीत. आता चार वर्षांनी तो पुण्यात परत आलाय, लग्न झालंय, चिमी हवी आहे. पिल्लूही त्याचंच म्हणतो. आठ दिवसांत दिली नाही तर पोलिसात जाईन, असा मेसेज आलाय. तीन वर्षांनी हक्क संपतो असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण त्या भरवशावर राहिलात तर फसाल. तीन वर्षांची मुदत आहे हे खरं, पण ती कधीपासून मोजायची ते कोणी सांगत नाही. सांभाळायला दिलेली वस्तू परत मागण्यासाठी मुदतीच्या कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे (अनुच्छेद 70), आणि तिथे घड्याळ सुरू होतं ते मागणी केल्यावर तुम्ही नकार देता त्या दिवसापासून. म्हणजे चिमी नुसती ठेवायला दिली असेल, तर तुमच्या पुतण्याचे तीन वर्ष अजून सुरूही झालेले नाहीत.

"वस्तू" हा शब्द तुम्हाला टोचला असेल. मालकीच्या प्रश्नात मात्र कुत्रा आपल्या कायद्यात जंगम मालमत्ताच आहे, सायकलीसारखी. मुलाच्या ताब्याच्या वादात न्यायालय मुलाचं हित आधी बघतं, तशी तरतूद प्राण्यासाठी नाही. 2023 मध्ये वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयाने एका महिलेला अंतरिम पोटगी देताना तिच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचाही विचार केला आणि पाळीव प्राणी हा चांगल्या जगण्याचा भाग आहे असं म्हटलं. वाचायला बरं वाटतं, पण तो पोटगीचा वाद होता. कुत्रा कोणाचा, हे त्यात ठरलेलं नाही.

तेव्हा सगळं येऊन थांबतं एका गोष्टीवर : चिमी तुमच्याकडे ठेवली होती की तुम्हाला दिली होती? ठेवली असेल तर 1872 च्या करार कायद्यातलं बेलमेंट, म्हणजे परत करायच्या बोलीवर नुसता ताबा देणं, मालकी देणाऱ्याचीच. दिली असेल तर बक्षीस, आणि जंगम वस्तूच्या बक्षिसाला नोंदणीकृत कागद लागत नाही. देण्याचा हेतू, प्रत्यक्ष ताबा आणि तुमचा स्वीकार पुरतो. एकदा पुरं झालेलं बक्षीस देणाऱ्याला मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

जून 2021 ला झालं ते बेलमेंट. "सांभाळ" या शब्दातून मला तरी दुसरं काही काढता येत नाही, आणि तुमच्या वकिलानेही फार ताणू नये. तुमची खरी बाजू आहे त्या नंतरच्या मेसेजमध्ये. "तुझ्याच घरची झाली" हे लाडाने म्हटलं की देऊन टाकली या अर्थाने? त्याचा वकील पहिलं म्हणेल. तुम्ही म्हणायचं की चिमी आधीच तुमच्या ताब्यात होती, पुन्हा उचलून हातात देण्याचा सोहळा उरला नव्हता, आणि त्यानंतर त्याने एकदाही परत नेण्याची भाषा केली नाही, खर्च विचारला नाही, ऑपरेशनचा निर्णय तुमच्यावर सोडला. बक्षीस होतं हे सिद्ध करण्याचा भार मात्र तुमच्यावर राहील. म्हणून त्या मेसेजच्या मागचेपुढचे सगळे मेसेज वाचून काढा. मध्येच कुठे "मी आलो की नेतो" असं सापडलं तर मलाही सांगा, कारण मग माझं मत बदलेल. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते न्यायालयात द्यावं लागेल. लसीच्या पुस्तकावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघा. तेवढ्याने मालकी ठरत नाही, पण पारडं हलतं.

आता पिल्लू. करार कायद्याच्या कलम 163 खाली एक उदाहरण छापलेलं आहे : एकाने गाय सांभाळायला दिली, ती व्याली, तर गायीबरोबर वासरूही परत करायचं. लॉ कॉलेजात आम्ही यावर हसायचो. तुमच्या पुतण्याने बहुधा हेच कुठेतरी वाचलंय. पण हा नियम वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हाचा. दोन पिल्लं दिल्याचं तुम्ही त्याला तेव्हाच कळवलं असेल आणि त्याने हरकत घेतली नसेल, तर त्या दोन घरांपर्यंत हा वाद जाऊ नये.

खर्चाचं थोडक्यात. बेलमेंट ठरलं, तरी विनामोबदला सांभाळणाऱ्याचा आवश्यक खर्च मालकाने द्यायचा असतो (कलम 158). ऑपरेशन, लसी, खाणं यांच्या पावत्या लावा. जुन्या रकमांना मुदतीची अडचण येऊ शकते. आणि पैसे मिळेपर्यंत कुत्री अडवून ठेवण्याचा हक्क नुसत्या सांभाळण्यातून मिळत नाही.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात "मालक" या शब्दात ताबा असलेली व्यक्तीही येते, हे वाचून अनेक जण खूष होतात. ती व्याख्या जबाबदारीसाठी आहे. चिमीला उपाशी ठेवलं तर तुम्ही जबाबदार, एवढाच तिचा अर्थ. (त्यातली पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड.)

पोलिसांची भीती कमी करा. विश्वासघाताच्या कलमाला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या 316 ला, अप्रामाणिक हेतू लागतो. मालकीबद्दल प्रामाणिक वाद असेल तर तो दिवाणी कोर्टाचा विषय. पण तो प्रामाणिक दिसला पाहिजे. म्हणून आठ दिवस गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या : चिमी अमुक मेसेजने तुम्ही मला दिली असं माझं म्हणणं आहे, ती माझ्याकडे सुखरूप आहे, तुम्ही येऊन भेटू शकता. तिला मुलीकडे कोल्हापूरला पाठवून "हरवली" म्हणायचा सल्ला शेजारी देतील. तसं केलंत तर आज नसलेला अप्रामाणिक हेतू तुम्ही स्वतः तयार करून द्याल.

दावा जिंकाल का, तर माझ्या अंदाजाने निम्म्याला निम्मं. वकील लावण्याआधी पुतण्याला दोन दिवस सांगलीला राहायला बोलवा. चार वर्षांत त्याने तिला फक्त फोनवर पाहिलंय. तडजोड झाली तर चिमी कोणाकडे, पिल्लू कोणाकडे, ऑपरेशनचे चौदा हजार कोण देणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. "सांभाळ" एवढ्या एका शब्दावर या वेळी सोडू नका.