दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शत्रूला सापडू कशा लागल्या? हे केवळ रडारमुळे घडले का?

रडारचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. परंतु सगळे श्रेय रडारला देणे मला पटत नाही. माझ्या मते जर्मन पाणबुड्यांचा घात त्यांच्याच बिनतारी संदेशांनी अधिक केला, आणि ते संदेश त्यांना टाळताही येत नव्हते, कारण त्यांची सगळी युद्धपद्धती त्यांवरच उभी होती.

त्या काळची पाणबुडी ही मुख्यतः पृष्ठभागावर चालणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी नौका होती. ‘टाइप ७ सी’ जातीच्या पाणबुडीचा वेग पृष्ठभागावर सुमारे १७ नॉट (ताशी सागरी मैल) असे. पाण्याखाली तो जेमतेम साडेसात नॉट, आणि तोही तासाभरात बॅटरी उतरवून टाकणारा. म्हणून जर्मन पाणबुडीदलाचे प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ यांनी रात्री पृष्ठभागावरूनच हल्ला करण्याचे तंत्र अवलंबले. ब्रिटिशांचे ‘ॲस्डिक’ हे ध्वनिलहरींचे यंत्र पाण्याखालच्या पाणबुडीसाठी बनवलेले असल्याने वर आलेली पाणबुडी त्याला सहसा सापडत नसे, आणि तिचा बुटका मनोरा अंधारात पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटत असे. ऑक्टोबर १९४० मध्ये ब्रिटनकडे निघालेल्या ‘एससी ७’ या ३५ मालवाहू जहाजांच्या ताफ्यातील २० जहाजे अशाच हल्ल्यांत बुडाली.

मात्र अथांग अटलांटिकमध्ये ताफा दिसलेल्या पाणबुडीने एकटीने हल्ला न करता मुख्यालयाला कळवायचे, ताफ्याच्या मागे राहून त्याची दिशा व वेग कळवत राहायचे आणि बाकीच्या पाणबुड्या जमल्यावर सर्वांनी मिळून तुटून पडायचे, असा दंडक होता. हे संदेश सांकेतिक असत आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संपत, त्यामुळे त्यांवरून कोणाला दिशा काढता येणार नाही, असा जर्मनांचा विश्वास होता. किनाऱ्यावरच्या दिशाशोधक केंद्रांची त्यांना कल्पना होती. पण ‘हफ-डफ’ नावाने ओळखले जाणारे तसेच यंत्र ताफ्याच्या संरक्षक जहाजांवरही बसले आहे, हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा आले. या यंत्राच्या पडद्यावर संदेश सुरू होताच प्रकाशाची रेघ उमटे आणि ती संदेशाची दिशा दाखवी. संदेशाचा अर्थ लागण्याचीही गरज नव्हती. सरावलेला यंत्रचालक लहरींच्या स्वरूपावरून पाणबुडी वीसेक मैलांच्या आत आहे की दूर, एवढेही सांगू शके. मग एक संरक्षक जहाज त्या रेषेवर धाव घेई, पाणबुडीला बुडी मारावी लागे, आणि ती पाण्याखाली रांगत असताना ताफा मार्ग बदलून निघून जाई. मला हा प्रकार फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाणबुडी बुडाली नाही तरी डाव मोडत असे.

रडारची कथा वेगळी आहे. विमानांच्या रडारची चाहूल लागावी म्हणून १९४२ मध्ये पाणबुड्यांना ‘मेटॉक्स’ हे रडारच्या लहरी टिपणारे यंत्र मिळाले. त्याचा लाकडी क्रूसाच्या आकाराचा अँटेना हाताने फिरवावा लागे आणि बुडी मारताना घाईघाईने आत ओढून घ्यावा लागे. १९४३ च्या आरंभी ब्रिटिशांनी १० सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार वापरात आणले, आणि ते मेटॉक्सला ऐकूच येत नव्हते. तशाच रडारचा एक संच फेब्रुवारी १९४३ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमजवळ पडलेल्या विमानात जर्मनांच्या हाती लागला होता. तरीही पाणबुड्या सापडतात त्या मेटॉक्समधूनच बाहेर पडणाऱ्या लहरींमुळे, असा संशय त्यांना त्या उन्हाळ्यात आला, एका ब्रिटिश युद्धकैद्याच्या जबानीने तो बळावला, आणि मेटॉक्सचा वापर थांबवण्यात आला.

याच्या जोडीला एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राच्या संकेतांची उकल होती आणि मध्य अटलांटिकपर्यंत पोहोचणारी लिबरेटर विमानेही होती. मे १९४३ मध्ये ४१ पाणबुड्या बुडाल्या. त्यांतील एकीवर डोनिट्झ यांचा मुलगा पीटर होता. २४ मे रोजी त्यांनी उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. पुढे १९४४ मध्ये इंजिनासाठी वरची हवा आत घेणाऱ्या श्नॉर्केल नळीमुळे पाण्याखाली राहूनच बॅटरी भरता येऊ लागली आणि लपणे पुन्हा शक्य झाले. पण पृष्ठभागावरचा तो वेग गेला, आणि त्याबरोबर ताफा गाठून झुंडीने तुटून पडण्याची क्षमताही गेली.