कीर्तनाच्या रेकॉर्डिंगसाठी जुना कोडॅक झेडआय८ पॉकेट कॅमेरा दोन हजारांना घ्यावा का? (फोनवर मध्येच कॉल येतात)

चित्रासाठी घेत असाल तर नकोच. आवाजासाठी घेत असाल तर विचार करा, पण दोन हजार जास्त होतात.

हा कॅमेरा 2009 चा. 1080पी, सेकंदाला 30 फ्रेम, याचं तेव्हा मोठं अप्रूप होतं. आज साधा दहा-बारा हजारांचा फोनही याच्यापेक्षा बरं चित्र देतो. रात्री मंडपात दाणे दिसतात, आणि बुवांचं धोतर-उपरणं म्हणजे नुसता पांढरा भपका. झूम डिजिटल, म्हणजे नसल्यातच जमा. देवळात चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइट असतील तर चित्र लुकलुकेल, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि कॅमेरा 30 फ्रेमचा.

तरी माझ्याकडचा मी विकलेला नाही, तो 3.5 मिमीच्या माइक जॅकसाठी. त्या काळी गाजलेल्या फ्लिप या पॉकेट कॅमेऱ्याला ही सोय नव्हती. वायरलेस माइकचा रिसीव्हर याला जोडा, माइक बुवांच्या उपरण्याला लावा. टाळ-पखवाजाच्या गलक्यातही निरूपणाचा शब्द न् शब्द कळतो. फक्त पिन बघून घ्या. तीन काळ्या रेघांची पिन फोनची, इथे दोन रेघांची लागते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेऊ नका, आवाज फाटतो. हेडफोन लावायची सोय नाही, तेव्हा आधी मिनिटभर चाचणी घेऊन ऐका.

एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. पूर्वरंग संपून बुवांना हार-बुक्का होतो, तेवढ्यात रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करायचं. कार्ड 32 जीबीपर्यंतचंच. 64 चं आणून उपयोग नाही.

कोडॅकने 2012 मध्ये हा धंदाच बंद केला, त्यामुळे कंपनीची सर्व्हिस विसरा. बॅटरी केएलआयसी-7004; फुजीची एनपी-50 पण बसते. विकणाऱ्यासमोरच ती काढून बघा, फुगलेली असेल तर किंमत पाडा. बाहेर येणारा यूएसबीचा दांडा ढिला नाही ना, तेही बघा. आणि मॅक्रोची सरकपट्टी! ती चुकून सरकलेली राहिली की दूरचं सगळं धूसर येतं आणि माणसाला वाटतं लेन्स गेली.

हजाराच्या आत देत असेल तर घ्या. नाहीतर त्याच पैशात कॉलर माइक आणा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका.