'दिल दोस्ती दुनियादारी' संपवली, आता करमत नाही. काय करू?

तुमचं म्हणणं असं की मालिका ओटीटीवर सलग पाहिली, शेवटच्या भागाला रडू आलं आणि आता दुसरं काही लावलं तरी दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं. हे वेडेपण आहे का?

अजिबात नाही. जरा हिशोब करा. मालिका झी मराठीवर 9 मार्च 2015 ला सुरू झाली आणि 20 फेब्रुवारी 2016 ला संपली. जाहिराती वगळल्या तर एका भागात वीस-बावीस मिनिटं उरतात. असे तीनशेच्या आसपास भाग, म्हणजे शंभर तासांच्या पुढे. एवढा वेळ सख्ख्या मावसभावंडांबरोबरही वर्षाकाठी जात नाही. पडद्यावरच्या माणसांशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी नात्यावर हॉर्टन आणि वोल या अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलंय.

त्यात ही मालिका जास्त लागते, कारण तिच्यात सोडवायचं कोडं नाही. रहस्यमालिकेत खुनी सापडला की जीव भांड्यात पडतो. इथे एकत्र राहणारे सहा मित्र-मैत्रिणी, कैवल्य, सुजय, आशू, मीनल, रेश्मा आणि अ‍ॅना, 'माजघर' या त्यांच्या घरात एकमेकांची खेचतात, भांडतात, परत एक होतात. आपण गोष्टीसाठी नाही, सोबतीसाठी बसतो. गोष्टीला शेवट करता येतो, सोबतीला कसा करणार? म्हणून तो कितीही नीट लिहिला तरी चुटपुट राहतेच.

तेव्हाच्या प्रेक्षकाला हे सगळं पाहायला वर्ष लागलं. तुम्ही रोज सात-आठ भाग पाहिले असतील तर दीड महिन्यात उरकलं आणि रोजचे अडीच-तीन तास एका रात्रीत मोकळे झाले. तुमच्या हुरहुरीतला बराच भाग या रिकाम्या वेळेचा आहे, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त करा. ज्या वेळेला पाहत होता त्या वेळेला आठवडाभर टीव्हीसमोर बसूच नका. मित्राला फोन लावा, कुणाला तरी बरोबर घेऊन शतपावलीला जा. पुस्तकाचा सल्ला बरेच जण देतील, पण कानाला गप्पांची सवय लागलेली असताना एकट्याचं वाचन पहिल्या आठवड्यात टिकत नाही.

शेवटचा भाग पुन्हा लावू नका. क्लिपाही नकोत, तीन पाहिल्या की चौथी-पाचवी फोन स्वतःच पुढ्यात आणतो आणि तासभर जातो. महिन्याभराने मधलेच सुटे भाग पाहा, दिवसाला एक. पहिल्यापासून सलग सुरू केलंत तर शेवट पुन्हा येणारच. महिना उलटूनही झोप-जेवण बिघडलेलंच असेल तर कारण मालिकेपलीकडचं असू शकतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

नवीन काय पाहायचं? शक्यतो अगदी वेगळं. 2016 मध्ये ही मालिका शनिवारी संपली आणि सोमवारी, 22 फेब्रुवारीला, त्याच साडेदहाच्या वेळेला 'रात्रीस खेळ चाले' आली: कोकणातला वाडा आणि भीती. माझ्या मते निवड अचूक होती, कारण तुलनेला जागाच उरली नाही. याउलट 2017 ची 'दिल दोस्ती दोबारा'. कलाकार तेच सहा, पण पात्रं नवी आणि माजघराच्या जागी रेस्टॉरंट. लगेच लावलीत तर पहिल्या मालिकेत कैवल्य झालेल्या अमेय वाघमध्ये कैवल्यच शोधत बसाल आणि तिसऱ्या भागाला चिडून सोडून द्याल. त्या मालिकेवरही तो अन्याय आहे. मध्ये किमान तीन-चार महिने जाऊ द्या, आणि जिने पहिली पाहिलेलीच नाही अशा मैत्रिणीबरोबर पाहा. ती दर दोन मिनिटांनी जुन्याची आठवण काढणार नाही.